एकशे बारावा सामना

डोरीनच्या उजव्या गुडघ्यावर बोटं ठेवून मी बसले होते आणि ती माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. पावणेचार वाजले होते. सामना सहाला होता.

"वाकव," मी म्हटलं.

तिनं पाय वाकवायला घेतला. अर्ध्यावर येऊन गुडघा अडकला. तिनं ओठ घट्ट मिटले, टाच जराशी बाहेर फिरवली, माझ्या बोटांखाली काहीतरी टचकन वाजलं आणि गुडघा सुटला.

"सुटला," ती म्हणाली.

"मी सही करणार नाही."

"माहीत आहे. पण विचारायला तर हवं."

एवढं बोलून तिनं टॉवेल खांद्यावर टाकला. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. पण त्या मार्चमध्ये आमच्यापैकी कुणाच्यात भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

मी मूळची मिरजेची, सरोज रणपिसे. आई तिथल्या दवाखान्यात नर्स होती. फिजिओथेरपी शिकून मी अमेरिकेला गेले आणि ओहायो राज्यातल्या ब्रॅडफील्ड नावाच्या कारखान्यांच्या गावात, एका हॉस्पिटलात चिकटले. तिथं बायकांचा एक व्यावसायिक बास्केटबॉल संघ होता, ब्रॅडफील्ड लार्क्स. लार्क म्हणजे आपला चंडोल. संघाचा आधीचा ट्रेनर दुसरी नोकरी बघून गेला, तेव्हा त्यांनी हॉस्पिटलात विचारलं, आणि संध्याकाळी एकटी खोलीत बसून करायचं काय म्हणून मी हो म्हटलं. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. घोटे, गुडघे आणि खांदे कळत होते. त्या मुली मला 'सरो' म्हणायच्या. हॉस्पिटलात दोन वर्षं काढूनही मला कुणी नावानं हाक मारली नव्हती. तिथं मी 'ती इंडियन' होते. त्यामुळे 'सरो' ऐकलं की मी जरा जास्तच धावायचे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

डोरीन कोव्हाच संघाची कप्तान. वय एकतीस, दिवसा शाळेत खेळाची शिक्षिका. ती फार मोठी खेळाडू होती असं कुणीच म्हणत नसे, तीही नाही. पण लीग सुरू झाल्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत तिनं एकही सामना चुकवला नव्हता. एकशे अकरा सामने सलग. ताप असताना ती खेळली होती. सकाळी वडिलांना मूठमाती देऊन संध्याकाळी खेळली होती. दोन बोटं मोडलेली असताना ती एकमेकांना बांधून खेळली होती. लीगमधल्या दुसऱ्या कुणाचाही आकडा ऐंशीच्या वर नव्हता.

त्याच वेळी संघाचा दुसरा एक आकडा वाढत होता. लार्क्स ओळीनं एकवीस सामने हरले होते. गावचा पेपर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापायचा. पेपरवाल्याच्या मनात वाईट काही नसावं, पण डोरीन तो पेपर घडी करून बाकाखाली टाकायची.

संघ पुढच्या वर्षी असणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मालकाचं हॉलवर फिरकणं बंद झालं होतं. चार मुली आधीच आपापल्या गावी निघून गेल्या होत्या. डोरीन धरून सात उरल्या होत्या आणि सामने उरले होते तीन. आणि आता हा गुडघा. आतली गादी फाटली होती. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आत्ता थांबली तर उन्हाळ्यात छोटं ऑपरेशन होईल आणि सगळं ठीक होईल. यावर खेळली तर काय होईल ते सांगता येत नाही. लीगचा नियम असा होता की जखमी खेळाडू उतरवायची तर ट्रेनरनं 'खेळण्यास योग्य' अशा कागदावर सही करायची. तो कागद दोन दिवस माझ्या पिशवीत कोरा पडून होता.

बर्फ आणायला मी ऑफिसात गेले. आमचा हॉल म्हणजे सैनिकांचा जुना कवायतखाना. ऑफिस म्हणजे त्यातली एक खोली, एक टेबल, एक फोन आणि बर्फाची पेटी. फोन वाजत होता. दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी उचलला.

लीगच्या मुख्य कचेरीतून एक बाई बोलत होत्या. आवाजावरून वाटलं, सकाळपासून एकच मजकूर वाचत असाव्यात. त्यांनी आधी आमच्या संघाचं नाव बरोबर आहे ना विचारलं. मग सांगितलं की आज दुपारी बारा वाजल्यापासून लीग बरखास्त झाली आहे, उरलेले सामने रद्द आहेत, कुणी खेळलंच तर ते नोंदीत धरले जाणार नाहीत, आणि हे कोचना कळवावं.

मी म्हटलं, "पाहुणा संघ येऊन पोचलाय. बस बाहेर उभी आहे."

त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच बघा काय ते. मला अजून पाच फोन करायचे आहेत."

बर्फाची पिशवी हातात घेऊन मी कोचना शोधत गेले. व्हर्नन हॅस्केल साठी उलटलेले गृहस्थ, जन्मभर शाळेच्या मुलांना खेळ शिकवून निवृत्त झालेले. छत गळत होतं तिथली जमीन ते स्वतः पुसत होते. माझा चेहरा बघून त्यांनी पुसणं थांबवलं.

"कचेरीचा फोन?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चांगली बातमी आहे?"

"नाही."

"मग सामना संपल्यावर सांग," ते म्हणाले. "मी ऐकलं तर मला ते मुलींना सांगावं लागेल. आणि त्या आत बूट बांधतायत."

ते परत फरशी पुसायला लागले. मी तिथं उभी राहिले. बर्फ वितळून बोटांवरून पाणी गळायला लागलं. त्या क्षणी लार्क्सचा संघ संपलाय हे त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं.

परत जाताना माझ्या मनात जे आलं ते मी जसंच्या तसं सांगते. सामन्याला आता काही अर्थ नाही, म्हणजे माझ्या सहीलाही नाही. दोन दिवस मी जो कागद अडवून धरला होता तो आता नुसता कागद होता. मग डोरीनला तिचा एकशे बारावा सामना का देऊ नये? पाच सेकंद उभी राहील, टाळ्या घेईल, बसेल. गुडघ्याला काही होणार नाही. उद्या कळेल तेव्हा कळेल. आजची संध्याकाळ तरी तिची होईल. मला हे फार चांगुलपणाचं वाटलं. आजारी माणसाला गोड औषध द्यावं तसं.

मी पिशवीतून कागद काढला आणि तिच्यासमोर सही केली.

"एक अट आहे," मी म्हटलं. "सुरुवातीचा चेंडू उडाला की पाच सेकंदांत बाहेर. मग उठायचं नाही."

तिनं सहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "शब्द," ती म्हणाली. मग तिनं टॉवेलमध्ये तोंड खुपसलं.

सहाला सामना सुरू झाला. दीडशे माणसं असतील. चेंडू उडाला, डोरीन आपल्या जागी दोन्ही पायांवर सरळ उभी राहिली, कोचनी खेळ थांबवायला टाइमआउट मागितला आणि ती चालत बाहेर आली. माइकवरच्या माणसानं आकडा सांगितला. लोक उभे राहिले. समोरच्या संघातल्या मुलींनीही टाळ्या वाजवल्या. डोरीन माझ्या शेजारी येऊन बसली, मी गुडघ्यावर बर्फ बांधला, आणि मला वाटलं, झालं. सुटलो.

पण त्या संध्याकाळी लार्क्स जिंकायला लागल्या.

समोरच्या मुली सात तास बसमध्ये बसून आल्या होत्या. त्यांचे पाय उचलत नव्हते. आमच्या सहाजणी काही फार चांगल्या खेळत होत्या असं नाही, पण चेंडू टोपलीत पडत होता. मध्यंतराला आम्ही चार गुणांनी पुढे होतो. एकवीस सामन्यांत मध्यंतराला पुढे असल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मुली आत येऊन बसल्या त्या एकमेकींशी बोलेचनात, जणू बोललं तर मोडेल. कोचनी फक्त पाणी प्या म्हणून सांगितलं.

शेवटच्या सत्रात पहिल्यांदा लॉरेटा गेली. आमची सर्वांत उंच मुलगी. सहावा फाउल झाला की खेळाडू बाद, तसा तिचा झाला. उरल्या पाच. त्या पाचजणींनी कसंबसं रेटलं. मग साडेचार मिनिटं राहिली असताना मर्नाचा सहावा फाउल झाला. तोंडावर हात घेऊन ती बाहेर आली. मैदानावर आमच्या चौघी उरल्या. तीन गुणांनी पुढे.

कोच डोरीनकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

डोरीननं बर्फाची पट्टी सोडायला घेतली. मी तिच्या हातावर हात ठेवला.

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता," ती म्हणाली. "चौघीजणी आहेत तिथं, सरो. एकवीस हरल्यावर ही पहिली वेळ आहे." आणि मग ती थांबली. "पण तू म्हणशील तर बसते. खरंच बसते. तुला गुडघा कळतो. तू सांग."

एक वाक्य पुरलं असतं. लीग दुपारीच बंद झाली, हा सामना कुठंच लिहिला जाणार नाही. एवढंच. ते माझ्या ओठांवर आलंही होतं. पण ते बोलले असते तर मघाच्या टाळ्या खोट्या ठरल्या असत्या, माझी सही खोटी ठरली असती, आणि मला हे चार वाजल्यापासून माहीत होतं हे तिला कळलं असतं. मी गुडघ्याचा विचार केला नाही. मी माझा विचार केला. आणि मैदानावरून त्या चौघी आमच्याकडे बघत होत्या, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत.

"जा," मी म्हटलं.

ती गेली. पहिली दोन-तीन मिनिटं ती मधोमध उभी राहून नुसती पास देत होती, आणि मला वाटायला लागलं की निभेल. मग समोरच्यांनी दोन गोल केले. आता त्या एका गुणानं पुढे गेल्या. चाळीस सेकंद असतील. चेंडू डोरीनकडे आला आणि ती टोपलीकडे वळली. वळताना उजवा पाय जमिनीवर राहिला आणि बाकीची ती वळली. मी बाकावरून ते बघितलं. आवाज आला की नाही मला सांगता येत नाही. मला मात्र तो आजही ऐकू येतो. चेंडू तिच्या हातातून गेला होता. तो कड्यावर आपटला, घुटमळला आणि आत पडला. पुन्हा एका गुणानं आम्ही पुढे.

ती पडली नाही. माघारी येऊन, डाव्या पायावर, आपल्या टोपलीखाली दोन्ही हात वर करून ती उभी राहिली. कोचजवळ एकही टाइमआउट उरला नव्हता आणि पंचांना कळलं नव्हतं. समोरची मुलगी चेंडू घेऊन धावत आली, ह्या खांबासारख्या उभ्या बाईला वळसा घालायला गेली, आणि घाईत तिचा नेम चुकला. भोंगा वाजला.

लोक मैदानात उतरले. मुली रडत होत्या, हसत होत्या, डोरीनच्या गळ्यात पडत होत्या. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि तीही हसत होती.

आत गेल्यावर मी तिचा पाय उचलून बाकावर ठेवला आणि गुडघ्याला बांधलेली चिकटपट्टी कापायला लागले. कात्री लावायच्या आधीच गुडघा सुजून पट्टीबाहेर आला होता. मग मी दाराशी जाऊन कोचना फोनचं सांगितलं, दोन वाक्यांत. त्यांनी मान हलवली, आत आले आणि मुलींना सांगितलं. लीग बंद झाली. आज दुपारी. फोन आला होता. फोन कधी आला, कुणी घेतला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि त्या गोंधळात कुणी विचारलंही नाही.

मर्नानं विचारलं, "म्हणजे आजचा सामना?"

"नोंदीत नाही," कोच म्हणाले.

डोरीन भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिनं डोळे मिटले. "म्हणजे एकशे अकरा," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "आणि एकवीस."

मी खाली मान घालून पट्टी कापत राहिले.

तिच्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली. आतला बंध पार तुटला होता. त्या काळी आजच्यासारखे इलाज नव्हते. ऑपरेशननंतरचे व्यायाम करून घ्यायला ती आमच्याच हॉस्पिटलात यायची, म्हणजे माझ्याकडेच. सात महिने, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, तो पाय माझ्या हातात असायचा. वाकव, सरळ कर, वाकव. ती शाळेतल्या गोष्टी सांगायची. एकदा म्हणाली, मुलांना पळायला शिकवते आणि स्वतः खुर्चीत बसते. तक्रार म्हणून नाही, सहज. मी दर वेळी ठरवायचे की आज सांगायचं. दर वेळी ती टेबलावरून उतरायची, काठी घ्यायची आणि 'थँक्स, सरो' म्हणून जायची. मग मला दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली आणि मी ती घेतली. नाताळला आम्ही एकमेकींना कार्ड पाठवायचो. कार्डात असं काही लिहिता येत नाही.

एकोणीस वर्षांनी त्या बंद पडलेल्या लीगच्या खेळाडूंचा मेळावा भरला, एका कॉलेजच्या हॉलमध्ये. मलाही पत्र आलं. हॅस्केल तोवर वारले होते. कुणीतरी मेहनतीनं जुन्या नोंदी गोळा करून एक पुस्तिका छापली होती. त्यात सलग सामन्यांच्या यादीत डोरीन कोव्हाच पहिली होती, एकशे अकरा. दुसऱ्या यादीत, सलग पराभवांच्या, ब्रॅडफील्ड लार्क्स पहिले होते. एकवीस, आणि पुढे कंसात, संघ बंद पडेपर्यंत कायम.

कार्यक्रमाच्या मध्येच डोरीन बाहेर हवेवर आली. मी तिच्यामागे गेले. इमारतीच्या उंच पायऱ्यांच्या वरच्या टोकाला एक बाक होता. ती बसली, पाय लांब करून. तिचे केस पांढरे झाले होते. मी उभीच राहिले आणि सगळं सांगितलं. फोन किती वाजता आला. कुणी घेतला. मी सही का केली. आणि शेवटी, तिनं विचारलं तेव्हा मी का बोलले नाही.

तिनं मला मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर समोरच्या गाड्यांकडे बघत राहिली. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, फार वर्षं झाली. मी त्याचीच वाट बघत होते बहुधा. एकोणीस वर्षं.

"सांगायला हवं होतंस," ती म्हणाली.

"हो."

"तरी मी उतरलेच असते. चौघी होत्या गं तिथं. मोजणार आहेत की नाही, मला काय फरक पडला असता." तिनं गुडघ्यावर तळहात फिरवला. "पण मग ते मी ठरवलं असतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मीच ठरवलं."

तिनं मला त्यातून सोडवायचा प्रयत्न केला नाही. आत कुणाचं तरी भाषण चालू होतं, लोक हसत होते. थोड्या वेळानं ती म्हणाली, दमले मी, हॉटेलवर जाते. ती उठली आणि पायऱ्यांशी आली. खाली पंधरा-वीस पायऱ्या होत्या. इतकी वर्षं लोकांना जिन्यावरून उतरवून माझा हात आपोआप पुढे झाला होता. मी तो मागे घेतला.

"हात देऊ?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली.

कठडा धरून, तिरकी होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती उतरायला लागली. मी एक पायरी मागे राहिले. सहाव्या की सातव्या पायरीवर ती थांबली, श्वास घेतला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आता दे."